सी की पायथन? पहिल्या वर्षाला माझा कौल

मी मूळची साताऱ्याची, इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे. सध्या कॉलेजात सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतेय आणि हॉस्टेलवर आपलं आपण पायथन ही दुसरी.

पायथनवर हात लवकर बसतो. सेमीकोलनची कटकट नाही, व्हेरिएबलचा (किंमत साठवणाऱ्या नावाचा) प्रकार आधी सांगावा लागत नाही. प्रॅक्टिकलची रीडिंग्ज टाकली की चार-पाच ओळींत आलेख तयार!

सी मात्र प्रत्येक गोष्टीचा हिशेब मागते. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत ती घडवली. ५ भागिले २ केलं तर पायथन ३ मध्ये उत्तर २.५ येतं, सीमध्ये नुसतं २. दोन्ही आकडे इंट, म्हणजे पूर्णांक प्रकारचे असले की दशांशानंतरचं सगळं ती सोडून देते. सुरुवातीला याचा राग येतो. पण कुठली किंमत मेमरीत कशी बसते, हे कळतं ते इथेच, आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता साठवणारे व्हेरिएबल) आले की आणखी नीट.

मला मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे एका चिपवरच्या छोट्या संगणकाची ओढ आहे. आर्डुइनो उनो आर३ या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर अवघी २ केबी रॅम. तिथे पायथनचा इंटरप्रिटर (पायथनचा कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) मावणार कुठे? म्हणून माझं मत सीला. डेटाच्या कामाकडे जायचं असेल, तर खुशाल पायथनपासून सुरुवात करा.