उद्यम रजिस्ट्रेशन : फॉर्म एक नंबर, पण पेमेंट काय आपोआप येत नाही

उद्यम रजिस्ट्रेशन म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची (एमएसएमई) सरकारी नोंदणी. त्याबद्दल नेटवर शोधलं की निम्मं जे सापडतं ते "पाच मिनिटांत एमएसएमई सर्टिफिकेट" छाप जाहिराती आणि उरलेलं निम्मं सरकारी प्रेस नोट, स्वतः वापरून लिहिलेलं फार थोडं. म्हणून म्हटलं आपणच टाकूया. आमचं पुठ्ठ्याचे बॉक्स बनवायचं युनिट आहे, कंपन्यांना पॅकिंग पुरवतो, सूक्ष्म गटात बसतो, आणि या सर्टिफिकेटवर जे जे मिळतं म्हणतात त्यातलं बरंचसं वापरून झालंय. सर्व्हिस म्हणून 5 पैकी 4 देतो. एक कुठे कापला ते खाली येईलच, आणि खरं सांगायचं तर तो पोर्टलमुळे कापलेलाच नाहीये.

आधी फॉर्म. हे 1 जुलै 2020 ला सुरू झालं, त्याआधी उद्योग आधार नावाची नोंदणी होती. आधार नंबर, ओटीपी, पॅन, लागू असेल तर जीएसटी नंबर, बस. एकही कागद स्कॅन करून चढवावा लागत नाही, सगळं आपणच लिहून द्यायचं, गुंतवणूक आणि टर्नओव्हरचे आकडे पोर्टल इन्कम टॅक्स आणि जीएसटीच्या रिटर्नमधून स्वतःच ओढून घेतं. फी शून्य. हे परत लिहितो, फी शून्य. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साइट्स सर्चमध्ये वरती येतात, अशोकस्तंभासारखं काहीतरी लावलेलं असतं आणि शेवटी पेमेंटचं पान उघडतं, ओळखीतल्या एकाने तिथे पैसे भरलेत आणि वर रिन्यूअलचे फोन अजून येतात त्याला. रिन्यूअल नावाची गोष्टच नाहीये इथे. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन बघा, नसेल तर टॅब बंद करा.

आता जिथे खरंच थांबायला पाहिजे ती जागा म्हणजे एनआयसी कोड. तुम्ही काय काम करता त्याचा पाच आकडी कोड निवडायचा असतो, मोठी लांबलचक लिस्ट येते आणि बहुतेक लोक जवळपासचं काहीतरी टिक करून पुढे जातात, किंवा सायबर कॅफेवाला करून देतो. इथेच घोळ होतो. होलसेल आणि रिटेलवाल्यांना जुलै 2021 पासून उद्यममध्ये घेतलंय खरं, पण फक्त प्रायॉरिटी सेक्टर कर्जापुरतं (बँकांना ठराविक क्षेत्रांना द्यावंच लागतं ते). लेट पेमेंटचा कायदा (थकलेल्या बिलावर व्याज मागायचा हक्क देणारा, खाली येतोय) त्यांना लागू नाही. म्हणजे तुम्ही माल स्वतः बनवता आणि कोड पडलाय ट्रेडिंगचा, तर सर्टिफिकेट भिंतीवर छान दिसेल, पण पैसे अडकल्यावर समोरचा वकील पहिलं तेच काढेल. मॅन्युफॅक्चरिंग, सर्व्हिस, ट्रेडिंग यातलं नक्की काय काय आहे ते सीएला विचारून टाका, एकापेक्षा जास्त कोड टाकता येतात, आणि नंतर दुरुस्तीही फुकटात होते.

गटांच्या मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून वाढल्यात. सूक्ष्म म्हणजे गुंतवणूक अडीच कोटी आणि टर्नओव्हर 10 कोटीपर्यंत, लघु म्हणजे 25 कोटी आणि 100 कोटी, मध्यम 125 कोटी आणि 500 कोटी. एक्सपोर्टची विक्री टर्नओव्हरमध्ये धरत नाहीत. वरच्या गटात गेलो तर सवलती जातील म्हणून मुद्दाम छोटं राहणारे, दुसऱ्या नावाने दुसरी फर्म काढणारे लोक मी बघितलेत, त्यांच्यासाठी सांगतो की ऑक्टोबर 2022 च्या नोटिफिकेशननुसार वर सरकल्यावरही टॅक्स सोडून बाकीचे फायदे तीन वर्षं चालू राहतात. हे पोर्टलवर ठळक लिहायला पाहिजे होतं.

फॉर्ममध्ये अजून एक चौकट आहे जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. किती माणसं कामाला आहेत? पुरुष किती, स्त्रिया किती. टर्नओव्हर मशीन तपासतं, पण हा आकडा आपण टाकू तो. बायकोचं नाव धरायचं का, सीझनला येणारे हेल्पर धरायचे का, ज्या मावशी पिन मारायचं काम घरी नेऊन करतात त्या धरायच्या का, काही कळत नाही, ज्याला जसं वाटेल तसं. आणि मग याच बेरजा भाषणात येतात, की नोंदणी झालेल्या उद्योगांनी इतक्या कोटी नोकऱ्या दिल्या. खोटं आहे असं म्हणत नाही, पण त्यातली नवीन नोकरी कुठली आणि आधीपासून असलेल्या माणसाचं नाव पहिल्यांदा फॉर्ममध्ये चढलं एवढंच कुठलं, हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नाही.

त्यापेक्षा सर्व्हे बघितलेला बरा. सरकारच्याच असंघटित क्षेत्राच्या सर्व्हेत 2023-24 ला शेती सोडून 7.34 कोटी आस्थापना आणि त्यात 12.06 कोटी माणसं असा हिशोब आलाय. भागाकार करा. एका धंद्यामागे दोन माणसंसुद्धा येत नाहीत! म्हणजे यातले बहुसंख्य धंदे म्हणजे मालक आणि फार तर घरचं एखादं माणूस, पगारावर ठेवलेलं कुणी नाही. देशाच्या उत्पन्नात एमएसएमईचा वाटा साधारण 30 टक्के, निर्यातीत 45 टक्के, हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण रोजगार वाढणार कसा याचं उत्तर त्या 45 टक्क्यांत नाहीये. ते आहे एकट्याने चालवणारा माणूस पहिला हेल्पर कधी ठेवतो आणि चार माणसांवाला दुसरी शिफ्ट कधी लावतो यात. उद्यम आणि उद्यम असिस्ट (हे जानेवारी 2023 ला जीएसटी नसलेल्या अगदी छोट्यांसाठी काढलं) मिळून नोंदणी 2025 मध्ये 6 कोटींच्या पुढे गेली, मोठं काम आहे, पण नोंद झाली म्हणून कुणी माणूस ठेवत नाही हो.

माणूस ठेवतो तो पैसे कधी येणार हे माहीत असेल तर. आमचंच सांगतो. ऑर्डर असते, मशीन असतं, येणारा पोरगाही असतो, कुणाच्या तरी ओळखीने विचारायला आलेला असतो. पण कागदवाल्याला आधी मोजायचे, लाइट बिल तारखेला, पगार सात तारखेला, मध्ये उचल मागणारे वेगळे, आणि मोठी पार्टी म्हणते "पेमेंट सायकल नव्वद दिवस". मग काय करतो आपण, आहे त्याच ऑपरेटरला ओव्हरटाइम देतो आणि त्या पोराला सांगतो की दिवाळीनंतर बघू. सीसी लिमिट (बँकेच्या कॅश क्रेडिटची मर्यादा) फुल असताना ऑर्डर वाढणं हे संकट वाटायला लागतं, हे नोकरदार मित्रांना सांगून पटत नाही.

आणि म्हणूनच उद्यमचा खरा उपयोग लोन, सबसिडी, टेंडर यात कमी आणि लेट पेमेंटच्या कायद्यात जास्त आहे असं माझं मत. एमएसएमईडी कायदा 2006 चा आहे. सूक्ष्म किंवा लघु गटातल्याकडून माल किंवा सेवा घेतली तर लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर 15 दिवसांत. तुमच्या पीओवर (पर्चेस ऑर्डरवर) 90 दिवस छापलेलं असलं तरी कायद्याला ते मान्य नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. 2025 मध्ये बँक रेट 6.75 वरून उतरत गेला, तरी तिप्पट केल्यावर तेव्हा 16 टक्क्यांच्या वरच बसला. मध्यम गटाला हे संरक्षण नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

दिवस मोजायला सुरुवात कुठून, इथे मोठ्या कंपन्यांची खरी कलाकारी दिसते. गाडी गेटवर पोचते, माल उतरतो, लाइनला लागतोसुद्धा, पण सिस्टिममध्ये जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) पडत नाही. विचारलं तर "क्यूसी पेंडिंग", म्हणजे क्वालिटी तपासणी बाकी. कायद्यात मात्र साधं आहे, माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी तक्रार केली नाही तर माल मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. त्यामुळे डिलिव्हरी चलनाची आपली कॉपी सांभाळा, सिक्युरिटीचा शिक्का, तारीख आणि गेट एंट्रीचा नंबर स्पष्ट उमटलाय का बघा, नसेल तर ड्रायव्हरला परत खिडकीवर पाठवा. आमचा ड्रायव्हर आता शिक्का पुसट असला तर जागचा हलत नाही. आणि उद्यम नंबर माल पाठवायच्या आधीचा पाहिजे, नंतर काढून जुन्या बिलांवर हक्क सांगायचा हा विषय कोर्टात जाऊन बराच तापलेला आहे, त्या भानगडीत पडूच नका.

पैसे नाहीच आले तर समाधान पोर्टल, थकलेल्या पेमेंटच्या तक्रारींसाठी सरकारने ऑक्टोबर 2017 ला सुरू केलेलं. ऑनलाइन केस टाकायची, ती आपल्या राज्याच्या फॅसिलिटेशन काउन्सिलकडे जाते, पार्टी देशात कुठेही असो. काउन्सिलचा निकाल कंपनीला कोर्टात आव्हान द्यायचा असेल तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते, ही तरतूद फार भारी आहे. कागदावर केस 90 दिवसांत संपायला पाहिजे. प्रत्यक्षात तेवढ्यात संपेल असं धरून धंद्याचं गणित मांडू नका.

पण खरी अडचण वेळेची नाहीच. केस टाकली म्हणजे ते गिऱ्हाईक गेलं. सगळ्यांना माहितीये. ज्याचा निम्मा धंदा एका पार्टीवर आहे तो तिप्पट व्याज मागणार कसा, तो तर फोनवर "साहेब जरा बघा ना" याच्या पुढे जात नाही. माझा एक मार्क इथे कापलाय. कायदा एवढा कडक की वापरताच येत नाही, आणि वापरायची जबाबदारी सगळ्यात दुबळ्या माणसावर टाकलेली. खरेदी करणाऱ्याचा जीएसटी डेटा सरकारकडे आहे, पुरवठादाराचा उद्यम नंबर सरकारकडे आहे, मग उशीर दिसायला आमची तक्रारच कशाला पाहिजे?

इन्कम टॅक्सच्या कलम 43बी(एच) ने थोडा फरक पडला ते कबूल. 2023 च्या बजेटमध्ये आलं आणि 2024-25 च्या असेसमेंटपासून लागू झालं, मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी धरा. म्हणजे भांडायचं काम आमच्याऐवजी त्यांच्याच सीएने केलं, आम्ही वाईट झालो नाही. मार्चमध्ये न मागता पेमेंट यायला लागलं. दुसरी बाजू पण ऐका, एका पार्टीने आम्हाला सरळ विचारलं की उद्यम कॅन्सल करता का, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे देतो. आम्ही नाही केलं. ऑर्डर थोडी कमी झाली पण गेली नाही.

ट्रेड्सबद्दल दोन शब्द, म्हणजे बिलं बँकांना विकून लवकर पैसे मिळवायचे ऑनलाइन प्लॅटफॉर्म. बिल प्लॅटफॉर्मवर टाकायचं, कंपनीने मान्य करायचं, मग बँका बोली लावतात आणि सगळ्यात कमी कापणारीला बिल विकायचं, एक-दोन दिवसात पैसे खात्यात. कंपनीने नंतर बँकेचे बुडवले तर आपल्या गळ्यात येत नाही. दर ठरतो तो कंपनीची पत बघून, आपली नाही, म्हणून सीसीपेक्षा स्वस्त पडतं. आरएक्सआयएल, एम1एक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट ही त्यातली जुनी नावं. 250 कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या कंपन्यांना 31 मार्च 2025 पर्यंत यावर नोंदणी सक्तीची केली, पण मेख अशी की नोंदणी सक्तीची, बिल मान्य करायची सक्ती नाही. नाव नोंदवून गप्प बसलेल्या कंपन्या आहेतच. जिथे चालतं तिथे मात्र झकास चालतं, आमचं दुसऱ्या शिफ्टचं काय ते ठरलं ते याच पैशावर, दोन ऑपरेटर आणि एक हेल्पर नवीन घेतले.

तर फॉर्म भरा, आजच भरा, फुकट आहे. भरल्यावर नंबर बिलावर छापून घ्या, पीओ आला की सर्टिफिकेटची कॉपी मेलने पाठवून ठेवा, म्हणजे "तुम्ही एमएसएमई आहात हे आम्हाला माहीतच नव्हतं" हे ऐकावं लागत नाही. अजून एक, सूक्ष्म-लघुवाल्यांचे 45 दिवसांच्या वर थकलेले पैसे कंपन्यांना वर्षातून दोनदा एमएसएमई-1 फॉर्ममध्ये दाखवावे लागतात, शेवटच्या तारखा 30 एप्रिल आणि 31 ऑक्टोबर. थकबाकीचा मेल त्याच्या दोन-तीन आठवडे आधी टाका, अकाउंट्सला टाका आणि कंपनी सेक्रेटरीला सीसी करा. एरवी फोन न उचलणारे लोक तेव्हा स्वतःहून बिल नंबर मागतात.