गॅरेजवरचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे: लेप देऊन ठेवावेत की उतरवावेत?

अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास घातक ठरणारे बारीक खनिज तंतू; ते पत्र्यातल्या सिमेंटमध्ये घट्ट बांधलेले असतात. त्यामुळे पत्रा अखंड असेल आणि त्याला कोणी छेडत नसेल, तर त्यावर लेप देऊन तो जागीच ठेवणे स्वस्त आणि तूर्तास सुरक्षित ठरते. मात्र लेपाआधी शेवाळ काढताना तारेचा ब्रश किंवा पाण्याचा जोरदार फवारा वापरला, तर नेमके तेच तंतू मोकळे होतात.

तडे गेले असतील, कडा झिजल्या असतील, तर पत्रे उतरवणेच मला योग्य वाटते, आणि तेही प्रशिक्षित कंत्राटदाराकडून. पत्रे ओले ठेवून, गंजलेले बोल्ट पत्रा न फोडता कापून, एकेक पत्रा अख्खा खाली घ्यायचा, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून त्यावर धोक्याची सूचना लावायची आणि अशा कचऱ्यासाठी मान्यता असलेल्या जागीच तो पोचवायचा, असा हा क्रम असतो. छतावर चढणे तर कटाक्षाने टाळावे, कारण जुना पत्रा माणसाच्या वजनाने अचानक फुटतो. साधा कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे.

उतरवण्याचा खर्च जास्त असला, तरी तो एकदाच होतो. लेप मात्र काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो.