ढमीला नवं घर शोधून देणाऱ्या ग्रुपचा माझा अनुभव (५ पैकी ४)

आधीच सांगते, ग्रुपचं नाव लिहीत नाहीये. पुण्यातली सात-आठ माणसं नोकऱ्या सांभाळून हे काम करतात, आणि मागे कुणीतरी त्यांच्यातल्या एका ताईंचा पत्ता टाकला तर लोक रात्री त्यांच्या गेटला कुत्री बांधून निघून जायला लागले. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी आपल्या व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरांना) विचारा, बहुतेक व्हेटना असे दोन-तीन ग्रुप माहीत असतात. मलाही आमच्या डॉक्टरांनीच नंबर दिला.

आमची ढमी म्हणजे लॅब्राडॉर, फिकट पिवळी, साडेपाच वर्षांची, वजन ३४ किलो (जास्तच आहे, माहितीये). तीन महिन्यांची असताना आणली होती. मागच्या वर्षी आई बाथरूमच्या दारात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. आई ७४ ची आहे. ढमीला वाटायचं वॉकर म्हणजे काहीतरी नवीन खेळ आहे, आई दोन पावलं टाकायची की ही धावत येऊन अंगाला अंग घासायची, दोनदा आई पडता पडता वाचली, एकदा तर मी ऑफिसच्या कॉलवर होते आणि फक्त आवाज ऐकला. आईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पुन्हा पडली तर उठणं अवघड आहे. मिस्टरांची नोकरी नागपूरला, घरात आम्ही तिघीच.

ग्रुपला फोन करायच्या आधी मी एक मोठी चूक केली ती लिहिते म्हणजे दुसरं कुणी करणार नाही. जुन्या वस्तू विकायच्या एका साइटवर जाहिरात टाकली, ‘लॅब, मादी, फुकट, फक्त चांगल्या घरी’. दोन तासात १९ फोन! पहिल्याच माणसाने विचारलं पेपर (जातीचे कागद) आहेत का, नसबंदी झालीय का, मी नाही म्हटलं तर त्याचा आवाजच खुलला, शेवटची हीट कधी आली होती, म्हणजे माजावर कधी आली होती, असं विचारायला लागला. मला तेव्हा कळलंच नाही. ढमीच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले अहो ऑपरेशन न झालेली लॅबची मादी फुकट मिळतीये म्हणजे अशा लोकांसाठी ते पिल्लं काढायचं मशीन आहे, खुराड्यात ठेवतात आणि थकली की सोडून देतात. दुसऱ्या एकाला मुळशीकडे फार्महाऊसवर राखणीला हवी होती, ‘मोकळी राहील हो मॅडम’, मग बोलता बोलता निघालं की दिवसभर साखळीला आणि वॉचमन सकाळ-संध्याकाळ चपाती टाकणार. जाहिरात त्याच रात्री काढली.

आता ग्रुपबद्दल. पहिला फोन जवळजवळ पाऊण तासाचा झाला, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ त्या ताई ढमी आमच्याकडेच कशी राहू शकेल याच्यावर बोलत होत्या. ट्रेनर लावून बघितला का? लहान मुलांसाठी लावतात तसं गेट पॅसेजला लावलं का? ती दमते का, किती वेळ फिरवता? मला आधी रागच आला, वाटलं ह्यांचा माझ्यावर विश्वास नाही. पण त्यांनी सांगितलं म्हणून ट्रेनर लावला, गेटही बसवलं. ट्रेनरचा थोडा फायदा झाला. गेटचा मात्र उलटा परिणाम झाला, ढमी गेटच्या पलीकडे बसून रडायची आणि ते रडणं ऐकून आईच वॉकर बाजूला ठेवून, भिंतीला धरून धरून जाऊन कडी काढायची. मी ऑफिसात असताना रोज! कामाच्या मावशींनी सांगितलं तेव्हा कळलं. आईला रागवायला गेले तर म्हणते, ती काय कैदी आहे का. ते ऐकल्यावर मी ग्रुपला परत फोन केला आणि सांगितलं की आता घर शोधाच.

मग फॉर्म आला. चार पानी! लस, जंतांचं औषध, गोचीड ताप होऊन गेलाय का वगैरे ठीक आहे, पण पुढे विचारलं होतं फटाक्यांना घाबरते का, जेवताना ताटलीत हात घातला तर गुरगुरते का, लिफ्टमध्ये दुसरं कुत्रं आलं तर काय करते, किती तास एकटी राहू शकते. आणि एक रकाना होता, ‘तिला कळणारे शब्द’. तो भरताना मी दोन रात्री बसले होते. मला वाटलं सात-आठ असतील, २६ निघाले. भूर म्हणजे फिरायला. गादी म्हणजे स्वतःच्या जागेवर जायचं. ‘कोण आलं?’ म्हटलं की दारात. ‘शाणी’ म्हटलं की लाडात येऊन पोट वर. ‘हे आईचं’ म्हटलं की त्या वस्तूला हात लावत नाही. लिहिता लिहिता जाणवलं की हिला नुसतं घर बदलायचं नाहीये, हिच्याशी बोलणारी माणसंही बदलणार आहेत.

ढमीसाठी घर हवंय अशा पोस्टमध्ये ग्रुपने लिहिलं ‘पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारते, खाण्याच्या बाबतीत अजिबात भरवसा नाही, म्हाताऱ्या माणसांच्या किंवा अगदी लहान मुलांच्या घरात नको’. मी म्हटलं हे नका लिहू, कोण घेईल मग. ग्रुपमधले एक दादा म्हणाले, जे आपण लपवतो त्याच्यासाठीच कुत्रं महिन्याभरात परत येतं, आणि परत आलेलं कुत्रं दुसऱ्यांदा देणं फार अवघड जातं. तेव्हा पटलं नव्हतं, पण बरोबर होतं त्यांचं.

त्यांची एक अट अशी की नसबंदी झाल्याशिवाय पोस्ट टाकणार नाहीत. खर्च आपला, मला औषधं धरून साडेनऊ हजार आला, टाके सुकेपर्यंत १२ दिवस गळ्यात ती प्लास्टिकची कॉलर. पण पोस्टमध्ये ‘ऑपरेशन झालंय’ एवढे दोनच शब्द आले आणि ते हीटवाले फोन पूर्ण बंद. एकही नाही. शिवाय डॉक्टर म्हणाले की न केलेल्या माद्यांना पुढे गर्भाशयात पू होऊ शकतो ती भीतीही गेली. ग्रुपने स्वतः एक रुपया घेतला नाही, घेणाऱ्यांकडूनही नाही.

११ जणांनी विचारलं, तीन घरं निवडली. एक तर फोनवरच बाद, बाल्कनीत ठेवणार होते. दुसरं कुटुंब मला फार आवडलं होतं, भाड्याने राहणारं तरुण जोडपं, दोन वेळा आमच्याकडे आले, ढमी त्या मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. ग्रुपने घरमालकाचं लेखी मागितलं, घरमालक तोंडी हो म्हणत होता पण कागद देईना, म्हणून नाही म्हणाले. इथे माझं त्यांच्याशी भांडण झालं. घर सोडायला सांगितलं की पहिलं कुत्रं बाहेर पडतं हे खरं आहे, पण त्या दोघांना आठ-पंधरा दिवस द्यायला हवे होते असं मला अजूनही वाटतं. कापलेल्या एका स्टारपैकी अर्धा तिथे गेला.

तिसरं घर तळेगावचं. रिटायर्ड काका-काकू, साठीचे पण ठणठणीत, त्यांची स्वतःची लॅब १३ वर्षांची होऊन आदल्या वर्षी गेलेली. घर बघायला मीही ताईंबरोबर गेले. ताईंनी चहा नंतर म्हणून सांगितलं आणि आधी गेटपाशी उकिडवं बसून गेटखालच्या फटीत हात घालून बघितला. मग विचारलं कामवाल्या मावशी किती वाजता येतात, येताना गेट कोण लावतं, त्यांना कुत्र्याची भीती वाटते का. रात्री झोपणार कुठे? तुम्ही दोघं गावाला गेलात तर कोण बघणार? काकूंनी शांतपणे सगळी उत्तरं दिली आणि शेवटी कपाटातून जुन्या कुत्रीचं लसीचं कार्ड काढून दाखवलं, १३ वर्षांचे शिक्के. ताईंनी ते पान न् पान बघितलं. माझा निर्णय तिथेच झाला.

द्यायच्या दिवसाबद्दल त्यांनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं लिहिते, कारण हे मला कुठेच सापडलं नव्हतं. तिची गादी न धुता द्या, वास राहू दे. रोजचं खाणं दहा दिवसांचं बरोबर द्या, एकदम बदललं तर जुलाब होतात. सकाळी द्या, रात्री नको. तिकडे गेल्यावर आधी बाहेर अर्धा तास फिरवायचं, मग घरात न्यायचं. पहिले दोन-तीन आठवडे गेटच्या आतही पट्टा काढायचा नाही, नवीन जागेतून कुत्री जुन्या घराच्या ओढीने पळतात आणि रस्ता माहीत नसतो. आणि गळ्यात पडून रडत बसू नका, ती घाबरते. हे शेवटचं मला जमलं, आईला नाही जमलं. तीन दिवस बावरलेली, तीन आठवड्यांनी रुळायला लागेल, तीन महिन्यांनी घर आपलं वाटेल असा त्यांचा ठोकताळा. मला महिनाभर भेटायला बंदी.

कागदावर सह्या झाल्या, की परस्पर दुसऱ्याला देणार नाही, साखळीला बांधून ठेवणार नाही, नाही जमलं तर ग्रुपलाच परत. पहिले १५ दिवस ट्रायल. ढमी दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी काकूंनी ताकभात कालवून दिला तेव्हा जेवली. हे सगळं मला ग्रुपकडून कळत होतं, पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या दिवशी मेसेज, एकदाही चुकला नाही.

तक्रारी पण लिहिते. संध्याकाळी सातच्या आधी कुणी फोन उचलत नाही. पोस्टमध्ये आधी वय साडेतीन पडलं होतं, दुरुस्त व्हायला दोन दिवस लागले. आणि पोस्टखाली लोकांनी मला जे जे लिहिलं, ‘झेपत नव्हतं तर आणलं कशाला’, ‘उद्या आईलाही देऊन टाकाल’, ते त्यांनी दुसऱ्या दिवशी काढलं, तोपर्यंत आईने वाचलं होतं. असं लिहिणाऱ्यांना एकच सांगायचंय, जी माणसं विचारत बसत नाहीत ती गाडीत घालून हायवेला सोडून येतात. असं सोडून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या वेळी दंड किती, तर १० ते ५० रुपये! एवढ्याशा दंडाला कोण घाबरतंय. निदान सरळ मार्गाने घर शोधणाऱ्याला तरी बोलू नका.

अजून एक, ग्रुपकडे कुत्री ठेवायची सोय नाही. घर मिळेपर्यंत कुत्रं तुमच्याकडेच. पोस्ट पडल्यापासून आम्हाला साडेसात आठवडे लागले, ऑपरेशनचे दिवस वेगळे. पुढच्या आठवड्यात परदेशी जायचंय आणि आज फोन करताय तर ते काही करू शकणार नाहीत, बदली किंवा आजारपण दिसायला लागलं की लगेच बोला.

शब्दांचा तो कागद काकूंनी फ्रिजवर लावलाय. महिना झाल्यावर त्यांचा मला थेट पहिला मेसेज आला, की रोज दुपारी चारला ढमी दारापाशी जाऊन बसते, भूर म्हटलं तरी येत नाही, पाणी दिलं तरी नको, नक्की काय हवं असतं तिला? मला काही सुचेना. आईला विचारलं. आई जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, चारला माझा चहा असायचा ना, मारीतलं अर्धं मी तिला द्यायचे, तुला सांगितलं नव्हतं. मी तसं काकूंना कळवलं. त्यांनी लिहिलं, बरं, कागदावर सत्ताविसावं घालते.