नक्षीदार पात्याला भुलू नका

ओल्या जांभळाच्या लाकडातून डाव, पळ्या कोरायचा मला नाद आहे. बाहेरचा आकार वाकस आणि सरळ चाकूनं निघतो, पण डावाची वाटी पोखरायला वाकड्या पात्याचा चाकू लागतो. उदगीरच्या बाजारात तो मिळेना. तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात आली: हातानं घडवलेलं दमास्कस पोलाद, पात्यावर लाटांसारखी नक्षी, तीन हत्यारांचे २,८०० रुपये. पैसे पार्सल आल्यावर द्यायचे, म्हणून मी निर्धास्त झालो. पण पैसे घेतल्याशिवाय कुरियरवाला खोकं उघडू देत नाही. आणि उघडून तरी काय कळलं असतं? दिसायला ते पातं फारच देखणं होतं.

पहिल्या दिवशी हातावरचे केस निघत होते. दहाच मिनिटांत पातं कापायचं सोडून लाकूड चिरडायला लागलं. धारेवरून अलगद नख फिरवलं तर अडकायचं, म्हणजे धार मुडपली होती. परत लावली, परत तेच. आठवडाभर मी स्वतःच्या हातालाच दोष देत होतो. चुंबक लावून पाहिलं, चिकटलं. पण चुंबक साध्या लोखंडालाही चिकटतं, त्यावरून काहीच ठरत नाही.

शेवटी आमच्या लोहारमामांकडे गेलो. त्यांनी धारेजवळ कानस ओढली. चर्रकन रुतली आणि चमचमता कीस मांडीवर पडला. मामा म्हणाले, "पाणी दिलेल्या पोलादावर कानस घसरती बघा. हे तर गजाचं लोखंड हाय. ह्याला पाणी दिलं तरी धरायचं न्हाई." पाणी देणं म्हणजे तापवून, विझवून कडक करणं.

मग पॉलिश पेपरनं घासलं, तर नक्षीच पुसली गेली. आजकाल मिळणाऱ्या खऱ्या दमास्कसमध्ये दोन जातींच्या पोलादाचे थर एकजीव केलेले असतात. घासून नक्षी गेली तरी आम्लात ठेवल्यावर ती पुन्हा उमटते. आम्ही पातं रात्रभर लिंबाच्या रसात ठेवलं. सकाळी सगळं एकसारखं करडं! मूठ फोडली तर आत पात्याचं शेपूट जेमतेम अर्धा इंच, गोंदात रोवलेलं. जोर लावताना ते निसटलं असतं तर माझा अंगठा गेला असता. पैशापेक्षा मला याचाच जास्त संताप आहे.

मामांनी ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून नवं पातं घडवलं. चुंबक चिकटेनासं होईपर्यंत लाल तापवलं, तेलात विझवलं आणि मग पुन्हा मंद तापवून वाळल्या गवताचा रंग आल्यावर थांबवलं. ४०० रुपये घेतले. त्यावर कानस घसरते. स्वीडनमधल्या मोरा गावचे जगभर वापरले जाणारे चाकूसुद्धा साधेच, बिननक्षीचे असतात, हे मला आधी माहीत हवं होतं.

विकणाऱ्याचा नंबर बंद आहे. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, खोक्यावरच्या चिठ्ठीचा फोटोही जपून ठेवलाय. तुम्ही असं काही मागवलं असेल तर वापरण्याआधी धारेजवळ कानस लावून बघा. परवा त्या जाहिरातीचा तोच व्हिडिओ मला पुन्हा दिसला. पातं तेच, लाटा त्याच, दुकानाचं नाव मात्र दुसरं, आणि किंमत आता २,१०० केली आहे.