एसएनप्रिंटएफ : मर्यादा पाळते, पण उत्तर वाचावे लागते

सी भाषेतल्या एसप्रिंटएफ या, साच्यानुसार मजकूर तयार करून बफरमध्ये (मेमरीतल्या ठराविक आकाराच्या जागेत) लिहिणाऱ्या फंक्शनला बफर केवढा आहे हे सांगण्याची सोयच नाही, त्यामुळे मजकूर जास्त निघाला की तो बफर ओलांडून शेजारच्या मेमरीवर लिहिला जातो. सी९९ या १९९९ च्या प्रमाणकात आलेले एसएनप्रिंटएफ हे त्यावरचे अधिकृत उत्तर आहे. बफरचा आकार दिला की ते त्यापलीकडे एकही बाइट लिहीत नाही आणि आकार शून्य नसेल तर मजकुराच्या शेवटी नल बाइटही (मजकूर संपल्याची खूण असलेला शून्य बाइट) ठेवते. मजकुराची नक्कल करणाऱ्या स्ट्रएनकॉपी या फंक्शनकडून ही दुसरी हमी मिळत नाही. एवढ्या कारणासाठीही मी एसएनप्रिंटएफला पसंती देईन.

त्याचा खरा गुण मात्र रिटर्न व्हॅल्यूत, म्हणजे फंक्शन परत देते त्या उत्तरात आहे. जागा पुरेशी असती तर नल वगळून किती बाइट लिहिले गेले असते, तो आकडा ते परत देते. तो बफरच्या आकाराइतका किंवा त्याहून मोठा असेल तर मजकूर कापला गेला आहे, आणि ऋण असेल तर एरर आली आहे. आकार शून्य आणि पॉइंटर (बफरचा पत्ता) नल, म्हणजे रिकामा देऊन आधी लांबी मोजावी, मग तिच्यात एक मिळवून तेवढीच मेमरी घ्यावी, ही सोय तर फारच विचारपूर्वक केलेली आहे.

हाच गुण एकाच बफरमध्ये तुकडे जोडत जाताना अंगाशी येतो. ६४ बाइटांच्या बफरमध्ये ६० बाइट भरलेले असताना २० बाइटांचा तुकडा जोडला, तर उत्तर २० येते. ते तसेच मिळवले की स्थान ८० होते आणि ६४ वजा ८० हे गणित साइझ-टी या अनसाइन्ड (ऋण संख्या नसलेल्या) प्रकारात प्रचंड मोठी धन संख्या देते. पुढच्या कॉलला बफरबाहेरचा पत्ता आणि जवळजवळ अमर्याद जागा मिळते, म्हणजे ज्या संकटासाठी हे फंक्शन निवडले तेच परत दारात उभे राहते. लिनक्स कर्नलमधले (लिनक्सच्या गाभ्यातले) एससीएनप्रिंटएफ हे फंक्शन प्रत्यक्ष लिहिलेल्या बाइटांचीच संख्या देते, म्हणून तुकडे जोडण्यासाठी ते अधिक योग्य आहे. अर्थात मजकूर किती कापला गेला हे मग त्याच्याकडून कळत नाही.

कापणी निरुपद्रवी असते, हा समजही चुकीचा आहे. अर्धवट राहिलेला फाइलचा पाथ हा दुसऱ्याच फाइलचा वैध पाथ असू शकतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि मर्यादा बाइटांत मोजली जात असल्याने कात्री चिन्हाच्या मध्येही चालू शकते. फॉरमॅट स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा साचाच बाहेरून आलेला असेल, तर आकाराच्या मर्यादेने त्यातला धोका टळत नाही, हे वेगळे सांगायला नकोच.

जुन्या विंडोज कोडमध्ये याच नावाच्या सुरुवातीला अंडरस्कोअर लावलेले फंक्शन आढळते. जागा अपुरी पडली की ते ऋण संख्या देते आणि नलही लिहीत नाही. प्रमाणकानुसार वागणारी आवृत्ती व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून मिळू लागली. जीसीसी या कंपायलरच्या आवृत्ती ७ पासूनची फॉरमॅट-ट्रंकेशन (मजकूर कापला जाण्याची) वॉर्निंग मात्र सुरू ठेवावीच, कारण तिची पहिली पातळी नेमक्या त्याच कॉलवर बोट ठेवते, जिथे मजकूर कापला जाण्याची दाट शक्यता असते आणि रिटर्न व्हॅल्यू कोणी वापरलेलीच नसते.