'जीएम ओरिजिनल' व्हॉल्व्ह-रॉकर: ६८,५०० रुपयांचा चुना

आकडा आधीच सांगून टाकतो. जनरल मोटर्सच्या (जीएम) जुन्या गाडीसाठी घेतलेल्या बारा व्हॉल्व्हचे (इंजिनाच्या झडपांचे) ३१,००० आणि रॉकर असेंब्लीचे (त्या झडपा दाबून उघडणाऱ्या तरफांच्या संचाचे) ३७,५००. एकूण ६८,५००. त्यातले २०,००० यूपीआयने, ३८,५०० बँकेतून आणि १०,००० रोख. रोखीची पावती नाही. "रोख दिलेत तर जीएसटी वाचेल सर" असं कुणी म्हणालं की तिथूनच परत फिरा.

गाडी आजोबांची, १९४८ची शेवरोले फ्लीटमास्टर. सहा सिलिंडर, २१६ घनइंच, ओव्हरहेड व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा सिलिंडरच्या डोक्यावर. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेले, रॉकरच्या टोकांना खड्डे पडलेले. पुण्याची नाना पेठ पालथी घातली. तिथे बुलेटपासून मारुतीपर्यंत सगळं मिळतं, हे मिळत नाही. जुन्या बाजारात मिळाला तो एका ट्रकचा रॉकर शाफ्ट. अमेरिकेहून मागवायचं तर भाडं आणि कस्टमच मालाच्या वर जातं. म्हणून "मुंबईच्या बंद पडलेल्या डीलरचा न उघडलेला स्टॉक" ऐकल्यावर मी गेलो, आणि माझ्या जागी कुणीही गेला असता. पुढची पद्धत सगळ्यांना पाठ आहे: बेंगळुरूचं दुसरं गिऱ्हाईक, आजच टोकन, मालकाची आई आजारी वगैरे.

आता ज्या गोष्टीने मला अजून रात्री झोप येत नाही ती सांगतो. पिवळी पडलेली खोकी, आत मेणकागद, त्यावर सुकलेलं ग्रीस. खोक्याच्या कडेला डीलरचा जांभळा शिक्का आणि पत्त्याच्या शेवटी 'बॉम्बे ४०० ००७'. मी ते खोकं हातात धरून फोटो काढला. शिक्का फोटोत माझ्या अंगठ्याच्या बाजूलाच आहे. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८मध्ये सुरू झाला आणि १९५४मध्ये बंद पडला, हे मला तोंडपाठ. डीलरचं दुकानही त्याच वर्षी बंद झालं, ही माल विकणाऱ्या गृहस्थाचीच कहाणी. आणि आपल्याकडे पिन कोड आला १५ ऑगस्ट १९७२ला! बंद दुकानाने अठरा वर्षांनी शिक्का मारला का? पण मी व्हॉल्व्ह बघायला गेलो होतो. खोक्यावरचा पत्ता कोण वाचतो? खोकी वाचा. आधी खोकी, मग माल.

दुसरी खूण तर त्यानेच दाखवली. खिशातून लोहचुंबक काढलं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या माथ्याला लावलं, चिकटलं नाही. "बघा सर, खास उष्णतेचं पोलाद, आता असं बनत नाही." नेमकं उलट आहे. चुंबकाला न चिकटणारं ऑस्टेनिटिक पोलाद आज साध्या ट्रकच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हलाही असतं. शिवाय चुंबक माथ्यावरून दांड्याकडे सरकवलं तेव्हा मध्येच टक्कन धरलं. म्हणजे माथा एका धातूचा, दांडा दुसऱ्या, मध्ये सांधा. असा सांधा आता घर्षणाने वेल्ड करतात, आणि ती पद्धत १९५६च्या सुमाराला रशियात पुढे आली. चाळीसच्या दशकातल्या मालाला ती कुठून असणार? हे मला नंतर भोसरीच्या लेथवाल्या काकांनी समजावलं. त्यांनी एकाच दांड्याला तीन जागी मायक्रोमीटर लावला, तिन्ही जागी वेगळं माप. "साहेब, ट्रकचा व्हॉल्व्ह घासून बारीक केलाय," एवढंच बोलले आणि चहा सांगितला.

रॉकर तर हसण्यासारखे. बाराही रॉकरवर एकाच जागी, नखाएवढा, तोच ओरखडा. एका जुन्या रॉकरचा साचा काढून बारा ओतलेले. नंबरांच्या कडा साबणावर उठवल्यासारख्या गोल. या इंजिनात तेलाचा दाब मुळातच जेमतेम, रॉकर शाफ्टला तेल मधल्या नळीतून येतं, आणि चार रॉकरच्या भोकात ड्रिलचा किस तसाच अडकलेला. शाफ्ट कोरडा पडून निळा झाला, एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये (दांडा सरकतो त्या नळीत) अडकला, रॉकरला ढकलणारा पुशरॉड वाकला. हेड पुन्हा उतरवून दुरुस्तीला ११,८०० वेगळे. एकूण ८०,३००. भोकात तार घालून बघायला एक मिनिट लागतं. विकत घेताना बघा, बसवताना नाही.

चौकीत गेलो. साहेबांनी आधी गाडीचा फोटो मागितला, "भारी आहे" म्हणाले, मग विचारलं, "सामान मिळालं ना? मग फसवणूक कसली?" ओरिजिनल म्हणून बनावट दिलं, म्हटल्यावर म्हणे, "भंगारात काय ओरिजिनल?" मी ४२० म्हणालो तर आता ४२० नाही, न्याय संहितेचं ३१८ झालं हे शिकवलं. ते मात्र बरोबर शिकवलं. तक्रार घेतली नाही. अर्जावर पोच मागितली तर शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली रजेवर. सायबरवाल्यांचं म्हणणं, माल समोरासमोर बघून घेतलात, आमच्याकडे येत नाही. बँक म्हणे तुम्ही स्वतः पाठवलेत. व्यवहार पुण्यातला, माणूस मुंबईचा, म्हणून पुणे मुंबईकडे बोट दाखवतं आणि मुंबई पुण्याकडे. फॉरेन्सिक अहवाल आणा, असंही एकाने सुचवलं. तो मी कुठून आणू, नाना पेठेतून?

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत दोन वर्षं, म्हणून तिथे अर्ज केलाय. वकिलाने आधीच भीती घातली, तो दुकानदार नसून "हौशी विक्रेता" आहे असं म्हणेल. तुम्ही घेताना निदान कच्चं बिल तरी घ्या, त्यावर 'ओरिजिनल' हा शब्द त्याच्या हाताने लिहून घ्या. फोटोत शिक्के, नंबर, भोकं येऊ द्या. आणि मेणकागद जुना असला म्हणून आतला माल जुना नसतो.

त्याचा धंदा जोरात आहे. मागच्या आठवड्यात एका ओळखीच्यांना त्याने कुर्ल्याला जुळवलेल्या प्लिमथच्या सहा सिलिंडर इंजिनाचा "ओरिजिनल रॉकर सेट" दाखवला, त्याच जांभळ्या शिक्क्याच्या खोक्यात, ४२,००० रुपयांना. प्लिमथचं ते इंजिन साइड व्हॉल्व्हचं आहे, झडपा डोक्यावर नाहीत, सिलिंडरच्या बाजूला. त्याला रॉकर नसतातच.