‘तुमचे २७ ड्रायव्हर जुने आहेत’ आणि माझे गेलेले २२,५१७ रुपये ७३ पैसे

आकडे आधीच सांगून टाकते. ड्रायव्हर अपडेट करून देणाऱ्या सॉफ्टवेअरचे २,८९९ रुपये. स्टेटमेंटवर त्याचे ३,०१८ रुपये ७३ पैसे झाले, कारण विकणारा परदेशात नोंदलेला निघाला आणि बँकेने वर आपलं शुल्क आणि कर चढवला. मग ‘तीन वर्षांचा नेटवर्क सुरक्षा प्लॅन’, १४,९९९. मग ‘परत मिळणारी अनामत’, ४,५००. हे सगळं कशापायी? तर लॅन कार्डाच्या, म्हणजे वायरने नेट घेणाऱ्या भागाच्या, एका ड्रायव्हरपायी. ड्रायव्हर म्हणजे विंडोजला तो भाग ओळखायला आणि चालवायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर. तो मदरबोर्ड (कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड) बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर फुकट मिळतो आणि आकाराने काही एमबी असतो.

‘एवढ्या जुन्या मशीनवर कशाला बसलीस?’ हे विचारू नका, सगळ्यांनी विचारून झालंय. हिशेबाचं जे सॉफ्टवेअर मी वापरते त्याचं डाँगल (ते चालायला मशीनला लावावी लागते ती किल्ली) विंडोज ७ च्या पुढे ओळखलंच जात नाही. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला रामराम ठोकला, तेही मला माहीत आहे. आणि मी काही माऊस उलटा धरणारी बाई नाही. हार्ड डिस्क गेली तेव्हा नवीन एसएसडी मी स्वतः बसवली, विंडोज मी स्वतः टाकलं. सगळं सुरळीत चालू झालं. फक्त नेट नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे मशीनच्या भागांची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, ‘अदर डिव्हायसेस’खाली ‘इथरनेट कंट्रोलर’, त्यावर पिवळं उद्गारचिन्ह, कोड २८. म्हणजे ड्रायव्हरच नाही. यात नवल काहीच नव्हतं. विंडोज ७ आलं ऑक्टोबर २००९ मध्ये, माझा बोर्ड त्यानंतरचा. त्यावरची रिअलटेकची चिप विंडोजसोबत आलेल्या ड्रायव्हरला माहीतच नाही. ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर आणायचा कुठून! या कात्रीत सापडलेला माणूस फोनवर शोधतो. मीही शोधलं.

वरती जो पहिला निकाल आला त्याच्या कडेला बारीक अक्षरात ‘जाहिरात’ लिहिलेलं होतं. ते फोनच्या एवढ्याशा पडद्यावर कुणाला दिसतं? साइटच्या नावात चिपच्या कंपनीचं नाव, रंग तेच, खाली मॉडेल क्रमांकांची लांबलचक यादी आणि हिरवं बटण. फाइल फोनवर उतरवली, केबलने कॉम्प्युटरवर टाकली, चालवली.

आता नीट वाचा, कारण इथेच सगळं उघड्यावर होतं. त्या सॉफ्टवेअरने ऐटीत स्कॅन सुरू केलं. पट्टी सरकतेय, खाली ओळ येतेय, ‘ऑनलाइन डेटाबेसशी पडताळणी सुरू आहे’. शेवटी लाल अक्षरात निकाल: २७ ड्रायव्हर जुने, त्यातले ९ धोकादायक. ऑनलाइन डेटाबेस! त्या कॉम्प्युटरला नेट नव्हतंच! नेट नाही म्हणूनच तर हा सगळा खटाटोप चालला होता. वायर भिंतीला, कार्ड मुकं, आणि हा गडी ऑनलाइन पडताळणी करतोय. शिवाय विंडोज टाकून तासही झाला नव्हता. २७ ड्रायव्हर जुने व्हायला तेवढे बसवलेले तरी हवेत ना? आज हे वाचणारा प्रत्येक जण म्हणेल, ‘अगं, एवढं कळलं नाही?’ दिवसभर मशीन उघडून बसलेल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी विवरणपत्र भरायचं असलेल्या बाईच्या जागी बसा आणि मग बोला. लाल रंग दिसला की डोकं अर्धंच चालतं, आणि ते लोक नेमकं तेवढंच गृहीत धरून ही चित्रं काढतात.

असल्या स्कॅनची लबाडी जुनीच आहे. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणाऱ्या सरकारी संस्थेने रेस्टोरो आणि रीइमेज या दोन कंपन्यांना २ कोटी ६० लाख डॉलर भरायला लावले. आरोप हाच, की कॉम्प्युटरची खरी अवस्था काहीही असो, यांच्या स्कॅनमध्ये बिघाड सापडायचाच. तिकडे निदान कुणीतरी भरायला लावलं. आपल्याकडचं पुढे सांगते.

फोनवरून कार्डाने पैसे भरले. ओटीपीसुद्धा आला नाही; परदेशी साइटवर पुष्कळदा येत नाही. तुमच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू असतील आणि लागत नसतील तर आत्ता उठा आणि ॲपमध्ये जाऊन बंद करा. लायसन्सची किल्ली मेलवर आली, ती टाकली, तर ‘अ‍ॅक्टिव्हेशन अयशस्वी, मदतीसाठी या क्रमांकावर फोन करा’. अर्थातच अयशस्वी, नेट कुठे होतं? मी फोन केला. (मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. पडद्यावर नंबर दिसला की समजायचं, पलीकडे गळ टाकून कुणीतरी बसलंय.)

पलीकडचा मुलगा इतका मऊ बोलत होता की काय सांगू. “मॅडम, काळजी करू नका. तुमचा मोबाइल यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि टेदरिंग चालू करा.” म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला द्यायचं. केलं. विंडोज ७ ने फोन ओळखला आणि नेट सुरू झालं.

खरं तर तिथेच गोष्ट संपली होती. नेट माझ्या हातात होतं. फोन ठेवायचा, बोर्डाच्या कंपनीची साइट उघडायची, ड्रायव्हर उतरवायचा, चहा प्यायचा. त्या मुलाने माझा प्रश्न एका वाक्यात फुकट सोडवला होता आणि मी त्याचे आभार मानत लाइनवर थांबले. स्वतःवरचा राग येतो तो पैशांपेक्षा या क्षणाचा. पण २,८९९ भरलेत तर पूर्ण काम करून घेऊ, असं कुणालाही वाटेल. वाटणारच.

मग त्याने स्क्रीन ताब्यात घेण्याचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं, ड्रायव्हर बसवला आणि तो कोड ५२ वर अडला. डिजिटल सही, म्हणजे ड्रायव्हर कुणी बनवला याची खूण, विंडोजला पटत नाही, असा त्याचा अर्थ. नवे ड्रायव्हर नव्या पद्धतीच्या सहीचे असतात, ज्याला एसएचए-२ म्हणतात, आणि नुसत्या टाकलेल्या विंडोज ७ ला ती सही वाचताच येत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा केबी४४७४४१९ हा अपडेट लागतो, किंवा त्याच चिपचा जुना ड्रायव्हर घ्यायचा. दोन्ही फुकट. त्याने यातलं काही केलं नाही. मशीन पुन्हा चालू करून एफ८ दाबायला लावलं आणि ‘डिसेबल ड्रायव्हर सिग्नेचर एन्फोर्समेंट’ निवडायला सांगितलं. झालं! लॅनचा दिवा लागला, नेट वायरीतून धावू लागलं, मला तर तो देवमाणूस वाटला.

एफ८ ची ही सूट फक्त त्या एका वेळेपुरती असते. मशीन पुढच्या वेळी साधं चालू केलं की विंडोज सही पुन्हा तपासतं आणि ड्रायव्हर पुन्हा बाहेर. हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं. “एकदा रीस्टार्ट करून पाहू या मॅडम,” म्हणाला. केलं, नेट गेलं. त्याच्या आवाजात लगेच काळजी. फोनचं टेदरिंग पुन्हा लावून घेतलं, काळी कमांडची खिडकी उघडली, ‘असॉक’ टाइप केलं. पडदा भरून ओळी पळाल्या आणि तळाला एक लांब आकडा थांबला, ८८८डीसीए६० ने सुरू होणारा. “हा तुमचा नेटवर्क लायसन्स आयडी. आमच्या सर्व्हरवर काय आहे ते वाचून दाखवतो, जुळवून पाहा.” तो वाचत गेला, मी बोट ठेवून जुळवत गेले. अक्षरन् अक्षर तंतोतंत! म्हटलं, याच्याकडे माझ्या मशीनची नोंद आहे म्हणजे हा खरा माणूस.

तो आकडा जगातल्या प्रत्येक विंडोजवर तोच असतो. तुमच्याही. उजव्या क्लिकच्या ‘सेंड टू’ यादीतल्या एका फाइल प्रकाराची ती अंतर्गत ओळख आहे, लायसन्सशी संबंध शून्य. कुणी फोनवर हा आकडा वाचून दाखवला तर तोंडावर फोन आपटा.

‘लायसन्स संपलंय’ म्हणून १४,९९९. यूपीआयने. ‘सर्व्हरवर नोंद होईपर्यंत’ म्हणून अनामत ४,५००, तेही यूपीआयने. त्यानंतर त्याने आणखी ७,९९९ मागितले तेव्हा मी ताडकन नाही म्हटलं आणि कार्डाचे पैसे परत मागितले. आवाजातला मऊपणा एका क्षणात गेला. माऊस माझ्या डोळ्यांदेखत हलला, एक छोटी चौकट उघडली, त्यात काहीतरी टाइप झालं आणि मशीन बंद. पुन्हा चालू केलं तर विंडोजच्याही आधी पासवर्डची खिडकी. सिस्की नावाची जुनी सोय आहे विंडोजमध्ये, तिनेच कुलूप लावलं. मायक्रोसॉफ्टने ती विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून काढून टाकली, पण ७ मध्ये ती आहे. कुणाच्या मशीनवर हे झालं आणि आत डेटा असेल, तर घाईने फॉरमॅट करू नका. विंडोजच्या डिस्कवरून रिपेअरमध्ये जाऊन ‘रेगबॅक’ फोल्डरमधल्या जुन्या रजिस्ट्री फाइल्स (विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या) परत ठेवता येतात, त्या शून्य आकाराच्या नसतील तर.

आता बँक. ग्राहक सेवेत संगीत ऐकून ऐकून कान विटले, मग एक बाई म्हणाल्या, “कार्ड नंबर आणि सीव्हीव्ही तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार अधिकृत आहे.” अहो, मी टाकला म्हणूनच तर तक्रार करतेय! लेखी तक्रार द्या म्हणाल्या. दिली. उत्तर आलं, व्यवहार ग्राहकाच्या संमतीने झाला असल्याने प्रकरण बंद. इथे एक लक्षात ठेवा: ‘पैसे गेले, शोधून द्या’ म्हणू नका. ‘सेवा मिळाली नाही, चार्जबॅक हवा’ (म्हणजे विकणाऱ्याकडून कार्डाचे पैसे उलटे फिरवून हवेत) याच शब्दांत लिहा आणि सोबत विकणाऱ्याला पाठवलेला पैसे परत मागणारा मेल जोडा. हे मला बँकेने नाही, भाच्याने सांगितलं. त्यानंतर फॉर्म आला. तो आधी का नाही दिला, याला उत्तर नाही.

सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवरही तक्रार केली. तिथल्या लोकांनी यूपीआयचे बारा आकडी संदर्भ क्रमांक घेतले. ते ठीक. पण कार्डाचा व्यवहार ‘परदेशी आहे, आमच्याकडे येत नाही’ म्हणून वगळला. तक्रारीचा प्रकार निवडायचा होता, तिथे नोंद केली ‘ऑनलाइन खरेदी, वस्तू मिळाली नाही’. मी म्हटलं, वस्तू नव्हे हो, माणूस माझ्या मशीनमध्ये शिरला होता. “मॅडम, यादीत जवळचं तेच आहे.”

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “कॉम्प्युटर केवढ्याचा? आणि एवढा जुना ठेवलात कशाला?” दुसरा प्रश्न, स्क्रीनशॉट कुठे आहेत. मशीन सुरूच होत नाही हे मी सांगत होते आणि ते स्क्रीनशॉट मागत होते. पुरावा जाऊ नये म्हणून मी ती एसएसडी काढून कागदात गुंडाळून नेली होती. त्या माणसाने कुठे आणि कशाने प्रवेश केला याच्या खुणा त्यातच आहेत, घ्या ताब्यात, म्हटलं. साहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “हिचा फोटो काढून अर्जाला जोडा.” डिस्कचा फोटो! रंगीत प्रत काढून जोडली आहे, दोन्ही बाजूंनी. आत काय आहे ते अजून कुणी पाहिलेलं नाही. ज्या खात्यात १४,९९९ गेले त्याच्या बँकेने कळवलं की शिल्लक नाही. ज्या खात्यात ४,५०० गेले, तिथून उत्तरच नाही. ‘पाठपुरावा चालू आहे’ असं सगळेच म्हणतात, आणि तो कोण करतंय हे विचारलं की एकमेकांकडे बोट दाखवतात.

मशीनचं म्हणाल तर दुसरी डिस्क टाकली. या वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या चिन्हावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डीटेल्स, हार्डवेअर आयडीज. तिथे ‘व्हेन’ आणि ‘डेव्ह’ पुढे चार-चार अक्षरं असतात. व्हेन म्हणजे चिपची कंपनी: १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. माझं निघालं १०ईसी आणि ८१६८. ‘इथरनेट कंट्रोलर’ दिसलं तर वायरवालं कार्ड, ‘नेटवर्क कंट्रोलर’ दिसलं तर बहुधा वाय-फाय. यासाठी नेट लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही, गोड बोलणारा मुलगा तर मुळीच लागत नाही. बोर्डाचं मॉडेल बोर्डावरच छापलेलं असतं. कंपनीच्या साइटवर जाऊन विंडोज ७, ६४ बिट निवडलं, यादीतला जुना ड्रायव्हर फोनवर उतरवला आणि केबलने टाकला. सही पटली, दिवा लागला, रीस्टार्टनंतरही लागलेलाच. साइटचा पत्ता मात्र स्वतः टाइप करा, शोधातल्या पहिल्या निकालावर बोटही ठेवू नका.

कार्ड मी ब्लॉक करून नवीन घेतलं, म्हणून ‘वार्षिक नूतनीकरणा’चे २,८९९ पुन्हा काढायचा त्यांचा प्रयत्न फसला. दरवर्षी पैसे कापायला संमती देणारी बारीक अक्षरातली खूण त्यांनी आधीच टिक करून ठेवलेली होती. आणि परवा ‘रिफंड विभागा’तून फोन आला. १४,९९९ आणि ४,५०० दोन्ही आकडे त्यांना तोंडपाठ. पैसे परत द्यायला तयार आहेत म्हणे, फक्त ९९९ रुपये प्रोसेसिंग फी आधी भरायची. तो नंबर जुन्या तक्रारीत घालायला गेले, तर सायबर तक्रारींचं पोर्टल म्हणतं, ‘दाखल तक्रारीत बदल करता येणार नाही, नवीन तक्रार नोंदवा.’ नोंदवली आहे. प्रकार पुन्हा तोच निवडावा लागला: ऑनलाइन खरेदी, वस्तू मिळाली नाही.